गोणाईचं गाऱ्हाणं

पंढरपूरच्या देवळात थेट देवाशी भांडायला गेलेली एक आई मराठी कवितेत आहे. गोणाई तिचं नाव. दामाशेटी शिंप्याची बायको आणि नामदेवांची आई. नामदेव गाथेत तिच्या नावावर अभंग आहेत आणि त्यांत ती विठ्ठलाला चांगलंच फैलावर घेते. पोर व्हावं म्हणून मी तुलाच नवस केला, नऊ महिने पोटात वाढवलं, खस्ता खाऊन हाताशी आणलं, आणि आता तू त्याला माझ्यापासून तोडलंस, असा तिचा आरोप आहे. धंद्यात त्याचं लक्ष नाही, बायकोपोरांची त्याला फिकीर नाही, घराची दशा झाली. माझा नामा मला परत कर, एवढीच तिची मागणी.

नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानतात. ज्ञानेश्वरी १२९० सालची. म्हणजे मराठी कविता नुकती बाळसं धरत होती, त्याच सुमारास आई आणि लेक यांचं भांडण तिच्यात येऊन बसलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण त्यानंतर मराठीत आईवर जे अमाप लिहिलं गेलं त्यातलं बहुतेक स्तुतीचं आहे. शाळेच्या पाठ्यपुस्तकापासून गणपतीच्या मांडवातल्या वक्तृत्व स्पर्धेपर्यंत आई म्हणजे त्याग आणि वात्सल्य, तिथे तंट्याला जागा नाही. पण माया असते तिथे तंटाही असतो, हे तर घरोघरी ठाऊक आहे. मग कवितेतला तो तंटा गेला कुठे? माझ्या मते तो शोधताना दोन गोष्टी बघाव्यात. कवितेत बोलतं आहे कोण, आणि आई हयात आहे की नाही. आई स्वतः बोलते तेव्हा माया आणि भांडण एका दमात येतात. आई गेल्यावर लेकरू एकटं बोलतं तेव्हा भांडण आपोआप गळून पडतं आणि उरतो तो शोक.

गोणाईला बोलता आलं याचं एक कारण अभंगाच्या घडणीत आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात बोलणाऱ्याचं नाव येतं, त्याला नाममुद्रा म्हणतात. ही सोय लहान दिसते, पण तिने मोठं काम केलं. ज्याचं नाव शेवटी आलं, त्याचं म्हणणं ते म्हणणं. मग तो पंडित असो, शिंपी असो, की घरातली मोलकरीण असो. नामदेवांच्या घरातल्या जवळजवळ सगळ्या माणसांच्या नावे अभंग सांगितले जातात: आई गोणाई, बायको राजाई, बहीण आऊबाई, लेक लिंबाई, नारा, विठा, गोंदा, महादा ही मुलं आणि दासी जनाबाई. एका घरातल्या इतक्या बायकांना आपापल्या नावाने बोलू देणारं कवितेचं घर मराठीत दुसरं नाही. आणि बायका बोलायला लागल्या की घरातलं खरं बाहेर येतं. राजाई रखुमाईकडे जाऊन नवऱ्याची तक्रार करते, गोणाई विठोबाकडे जाऊन मुलाची.

यातले किती अभंग खुद्द गोणाईचे आणि किती नंतरच्या कीर्तनकारांनी तिच्या तोंडी घातलेले, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो वाद असू द्या. समजा ते एखाद्या कीर्तनकाराने रचले, तरी त्याला संताच्या आईची बाजू मांडावीशी वाटली आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या गाथांनी ती जपून ठेवली, हे काही थोडं नाही. कीर्तनाला बसलेल्या बायकांत असा एखादा मुलगा घरी असलेल्या कितीतरी आया असणार. देवाच्या दारात उभं राहून कुणीतरी आपल्या वतीने बोलतंय, हे त्यांना कळत असणार.

गोणाईच्या बोलण्यात भक्तीचा विरोध कुठेच नाही, हे नीट पाहिलं पाहिजे. ती नास्तिक नाही. नवस तिचाच, देवही तिचाच. भांडण हक्काचं आहे. ज्याच्याकडे पोर मागितलं तोच पोर घेऊन बसला, आता दाद मागायची कुणाकडे? त्यालाच जाब विचारायचा. नामदेवही आपल्या बाजूने बोलतात. विठ्ठलाला सोडून येणं त्यांना शक्य नाही. दोघांचंही खरं आहे आणि गाथा दोघांपैकी कुणालाही खोटं पाडत नाही. शिवणकामाकडे पाठ फिरवणाऱ्या या मुलाने आपल्या पदांत मात्र गज, कातर, सुई, दोरा यांचीच रूपकं वापरली. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यांतही शिंप्याच्या या वस्तू भेटतात. आई ज्या धंद्यासाठी भांडत होती तो धंदा मुलाच्या कवितेत असा जाऊन बसला.

त्याच घरात दुसरं एक लेकरू होतं. जनाबाई मूळची गोदाकाठच्या गंगाखेडची. लहानपणीच ती दामाशेटींच्या घरी आली आणि तिथेच राबली. स्वतःला ती नामयाची दासी म्हणवते. आईबाप गेले, आता विठ्ठला तूच काय तो माझा, असं ती सांगते. एकाच छपराखाली केवढा उलटा प्रकार आहे बघा. ज्याला आई आहे तो मुलगा आई सोडून देवाकडे धावतो, आणि जिला आई नाही ती मुलगी देवालाच आई करून घेते. जनीचा विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, शेण्या वेचतो, तिचं डोकं विंचरतो. ही सगळी आईची कामं आहेत. पण जनी एवढ्यावर थांबत नाही. विठ्ठल वेळेवर आला नाही की ती त्याला अरेतुरे करते, शिव्या देते, त्याच्या मरणाच्या गोष्टी बोलते. ज्यांनी जनाबाईची फक्त पाठ्यपुस्तकातली ओळख करून घेतली आहे त्यांना हे अभंग वाचताना धक्का बसतो. मला मात्र त्यात एक पोरकी मुलगी आपला राहून गेलेला हट्ट पुरवून घेताना दिसते. सख्ख्या आईशी भांडायला तिला मिळालंच नाही. ते भांडण तिने विठाईशी केलं.

वारकरी कवितेत देवाला आई म्हणण्याची रीत इतकी मुरलेली आहे की आपल्याला तिचं नवल वाटत नाही. विठ्ठल पुरुष, पण तो विठाई, विठाबाई, माउली. ज्ञानेश्वरही माउली, आणि वारीत शेजारी चालणारा अनोळखी माणूससुद्धा माउलीच. यातून कवींना एक मोकळीक मिळाली. घरातल्या आईला उलट बोलणं पाप, पण देवाला आई मानलं की तिच्यावर रुसता येतं, तिला निष्ठुर म्हणता येतं, तिच्या पदराला धरून ओढता येतं. घरच्या आईवरचा राग मराठी कवितेने बराचसा असा विठाईच्या पायाशी नेऊन ओतला. तुकोबांचे कितीतरी अभंग मी याच नजरेने वाचतो. त्यातला भक्त हा भुकेला, रडवा, हट्टी मुलगा आहे आणि आई काही केल्या उचलून घेत नाही म्हणून तो कासावीस झाला आहे.

देवासाठी आईला सोडून गेलेल्या मुलांची गोष्ट पुढेही येत राहिली. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ चा, जांब गावचा. चरित्रपरंपरा सांगते की लहान वयात ते लग्नाच्या बोहल्यावरून पळाले, बारा वर्षं टाकळीला तप केलं, बारा वर्षं देशभर फिरले आणि मग आईला भेटायला आले. तोवर राणूबाईंची दृष्टी गेली होती. मुलाने डोळ्यांवरून हात फिरवल्यावर त्यांना दिसू लागलं. तेव्हा त्यांनी विचारलं, ही कुठली भूतविद्या शिकून आलास? रामदासांनी कवितेतूनच उत्तर दिलं. ते भूत म्हणजे राम, असा त्याचा मथितार्थ. कविता गोड आहे, आईला लडिवाळपणे हाक मारत पुढे जाते. पण तिने उत्तर दिलं आहे ते भुताच्या प्रश्नाला. चोवीस वर्षं एक बाई दाराकडे डोळे लावून बसली, त्याचं काय, हा प्रश्न राणूबाईंनी विचारल्याचं परंपरा सांगत नाही. विचारला नाही म्हणून उत्तरही नाही. गोणाई आणि राणूबाई यांच्यात मला मोठा फरक वाटतो तो इथे.

संतांच्या घरातलं भांडण मुलाशी आहे. मुलीशी असलेलं भांडण ऐकायचं तर जात्यापाशी बसावं लागतं.

जातं म्हणजे दोन जाड दगडी तळ्या. खालची बसकी, वरची फिरती. वरच्या तळीच्या मधल्या तोंडात मूठमूठ धान्य घालायचं आणि लाकडी खुंटा धरून ती फिरवायची. जड जातं असलं की दोघी समोरासमोर बसतात, खुंट्यावर चार हात. काम पहाटेचं, घर झोपलेलं, आणि दगडाची घरघर एकसारखी. त्या घरघरीवर सूर धरता येतो, आणि तिच्यामुळे शब्द चार हातांपलीकडे नीट ऐकूही जात नाहीत. सुनेला मन मोकळं करायला याहून चांगली जागा घरात नव्हती. एकीने ओवी म्हणायची, दुसरीने ती उचलायची. लहानशा दोन ओळींत गोष्ट संपते. पहिल्या ओळीत एखादी वस्तू, वाट, झाड किंवा नातं येतं, आणि दुसरी ओळ थेट जिव्हारी जाते. जात्यालाही बायका देव मानून हाक मारतात. जे माणसाला सांगायचं नाही ते त्या देवाला सांगायचं.

या ओव्यांत आईला बया म्हणतात, मुलाला राघू आणि मुलीला मैना. बयेवर इतक्या ओव्या आहेत की त्यांची मोजदाद अवघड. माहेर म्हणजे बया. ती गेली की माहेर संपलं, मग भाऊ कितीही चांगला असो, घर भावजयीचं. पण या मायेतच एक बोच आहे. मला इतक्या लांब का दिलंस? या घरात काय बघून दिलंस? लेक हे विचारते आणि लगेच पुढच्या ओवीत म्हणते की सासुरवासाचं बयेला सांगायचं नाही, तिच्या जिवाला घोर लागेल. तक्रार करायची आणि ती पोचूही द्यायची नाही. हा पेच ओवीने जेवढ्या थोडक्यात धरला आहे तेवढा मी पुढच्या कुठल्याही कवितेत पाहिला नाही.

आणि आई तरी काय करणार होती? मुलीला सोसायला शिकवणारी तीच. खाली बघून चाल, मोठ्याने हसू नको, सासरी नाव काढ, हे पढवणारी तीच. कारण तिलाही कुणीतरी असंच पढवून पाठवलं होतं. मुलीला ज्या रिवाजाचा राग आहे त्या रिवाजाची घरातली शिक्षिका आई आहे, आणि त्या रिवाजाने सगळ्यात जास्त भरडलेली बाईही आईच. राग कुणावर काढायचा? ओव्यांत म्हणून पुष्कळदा नशिबाला, करणीला, लग्न ठरवणाऱ्याला बोल लावलेला दिसतो. बयेचं नाव येतायेता राहतं.

आणखी एक गोष्ट पुस्तकात छापलेल्या ओव्या वाचताना निसटते. ओवी म्हणणारी बाई जन्मभर एकच असते, पण तिचं नातं बदलत जातं. सोळाव्या वर्षी ती लेक म्हणून बयेला हाक मारते. पुढे मांडीवरच्या मैनेसाठी गाते की ही चार दिवसांची पाहुणी. चाळिशीत राघूची बायको घरात येते आणि ती सासू होते. समोर खुंटा धरून बसलेली सून तेव्हा स्वतःच्या बयेची आठवण काढत असते, आणि सासूला ती ओवी तोंडपाठ असते. एकच ओवी दोघी मिळून म्हणतात, दोघींचं भांडणही त्याच जात्याभोवती.

पिठाच्या गिरण्या गावोगावी आल्या आणि जाती अंगणात उपडी पडली. हात मोकळे झाले, ते बरंच झालं. दळणाच्या कष्टांचा गोडवा गाणं हा अन्याय आहे. पण गाण्याची वेळच गेली. साने गुरुजींनी या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ हे पुस्तक केलं. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याच्या कामाला आयुष्य दिलं. पुढे पुण्यात राहून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावागावांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या टिपल्या. त्यांतल्या कितीतरी आता ‘पारी’ या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या नावानिशी आणि आवाजासह ऐकता येतात. नाव महत्त्वाचं आहे. शेकडो वर्षं ज्यांची मुद्रा कुठे उमटली नाही त्या बायकांना ती आता मिळाली.

जात्याजवळून छापखान्यापर्यंत पोचलेली एक आई तर सगळ्यांना माहीत आहे. बहिणाबाई चौधरी १८८० साली जळगावजवळच्या आसोद्याला जन्मल्या आणि १९५१ साली गेल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, चुलीपाशी, जात्यावर त्या गाणी रचत आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव, जे पुढे स्वतः कवी म्हणून नावाजले, ती उतरवून घेत. आई गेल्यावर ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. मुलगा आईवर कविता करतो, हे आपल्या सवयीचं आहे. इथे मुलाने आईची कविता उतरवून घेतली. तिचा शब्द तिचाच राहू दिला, तिची खानदेशी बोली प्रमाण मराठीत धुऊन काढली नाही. मराठी मुलाने आईसाठी केलेल्या कामांत याला फार वरची जागा द्यावी असं मला वाटतं.

बहिणाबाईंची माहेरावरची कविता आई आणि लेक यांच्या त्या जुन्या पेचाला भिडते. सासरी नांदणाऱ्या बाईला एक योगी विचारतो की माहेराचं एवढं कौतुक आहे तर इथे राहतेस कशाला? तिचं उत्तर असं की मी इथून उठून गेले तर माझ्या पोरीला यायला घर कुठलं राहणार. ज्या घराबद्दल लेक आईला बोल लावते, त्या घरात आई का टिकून राहिली, याचा खुलासा आईने स्वतः केला आहे. त्यात दुःख आहे, हिशेब आहे आणि एक प्रकारचा ताठाही आहे. योग्याला निरुत्तर करणारी ती बाई रडत नाही, ती मुद्दा मांडते.

आता शाळेत पाठ केलेल्या कवितांकडे येऊ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माधव ज्यूलियन (१८९४–१९३९) आणि यशवंत (१८९९–१९८५) यांनी आईवर लिहिलेल्या कविता मराठी माणसाच्या कानात कायमच्या बसल्या. लता मंगेशकरांपासून गल्लीतल्या मुलापर्यंत सगळ्यांच्या ओठी त्या गेल्या. दोन्ही कवितांतलं लेकरू पोरकं आहे. आई नाही म्हणून सगळं वैभव असून माणूस दरिद्री, ही एकीतली कळ. पुन्हा जन्म घेऊन त्याच आईच्या पोटी यावं, ही दुसरीतली. या कविता खोट्या नाहीत. ज्याची आई लवकर गेली त्याला त्यांचा एकेक शब्द पुरतो. पण त्या आईचं मत काय होतं, तिला कशाचा राग यायचा, मुलाचं तिच्याशी कशावरून वाजायचं, यातलं काही तिथे असू शकत नाही. ती गेलेली आहे. आणि अशा कविताच पाठ्यपुस्तकांत गेल्यामुळे जिवंत, चिडकी, थकलेली आई आपल्याला कवितेचा विषयच वाटेनाशी झाली.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ गद्य आहे, तरी तिचा उल्लेख टाळता येत नाही. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेलं हे पुस्तक आणि त्यावरचा अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट, यांनी मराठी आईचा साचा घडवला. त्यात आई श्यामला झोडपते, हे मात्र लोक विसरतात. पोहायला जायला घाबरून दडून बसलेल्या पोराला ती शोधून फोडून काढते. पोरगं रडत पोहून येतं. मग ती त्याला जवळ घेते, खायला देते आणि आपला श्याम भित्रा म्हणवला जाऊ नये म्हणून मारलं, हे सांगते. मार आणि माया यांच्यामध्ये तिथे एका दुपारचंसुद्धा अंतर नाही.

आईवर उघड संतापलेला मुलगा मराठीत गाण्यातून घरोघर पोचला तो रामकथेच्या आधाराने. पुणे आकाशवाणीवरून १९५५–५६ मध्ये दर आठवड्याला एक याप्रमाणे ग. दि. माडगूळकरांचं ‘गीतरामायण’ प्रसारित झालं, संगीत सुधीर फडक्यांचं. त्यातल्या ५६ गीतांत भरताने कैकेयीला केलेली निर्भर्त्सना आहे. तो तिचं आईपणच नाकारतो. सोवळ्यात बसून रेडिओ ऐकणाऱ्या घरांनाही ते गीत खटकलं नाही, कारण कैकेयी आधीच दोषी ठरलेली. मुलाच्या रागाला रामाचं संरक्षण होतं. कैकेयीने जे केलं ते मुलाच्या राज्यासाठीच, ही गोष्ट त्या रागात वाहून जाते. मुलासाठी पाप करणारी आई आणि त्या पापामुळेच तिला झिडकारणारा मुलगा. या पेचात कैकेयीच्या बाजूने बोलणारी एक मोठी कविता मराठीत व्हायला हवी होती असं मला नेहमी वाटतं. रवींद्रनाथांनी बंगालीत कर्ण आणि कुंतीचा काव्यसंवाद लिहून असं काम केलं. टाकून दिलेला मुलगा आणि युद्धाच्या आदल्या संध्याकाळी त्याला मागायला आलेली आई समोरासमोर उभी राहतात, दोघांनाही पुरतं बोलू दिलं जातं, आणि कर्ण माया नाकारत नाही, फक्त जायला नकार देतो.

गिरणगावातली आणि दलित वस्तीतली आई कवितेत आली तेव्हा तिच्या हातात काम होतं. नारायण सुर्वे यांना गंगाराम आणि काशीबाई सुर्वे या कामगार जोडप्याने सांभाळलं, वाढवलं. पोटचं नसलेलं पोर पोटाशी धरणारी गिरणी कामगार आई त्यांच्या कवितेत पहाटेच्या भोंग्याबरोबर घराबाहेर पडते. मागे राहिलेल्या पोरांना तिचा सहवास मिळतो तो उरल्यासुरल्या वेळात. मायेचा दुष्काळ तिथे आईच्या मनात नाही, पाळीच्या वेळापत्रकात आहे.

नागपूरच्या ज्योती लांजेवार यांची आईवरची कविता या सगळ्यांत मला सर्वांत कठीण वाटते. लेक आईला उद्देशून बोलते आणि तिला कुठे कुठे पाहिलं ते सांगत जाते. तापलेल्या रस्त्यावर, बांधकामावर, ओझ्याखाली, आणि पुढे लाँग मार्चमध्ये, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून निघालेल्या मोर्चात अगदी पुढे. तो १९७९ चा लढा. नाव प्रत्यक्षात बदललं १४ जानेवारी १९९४ रोजी. त्या कवितेत पोलिसांच्या गोळीने आईचा एकुलता मुलगा पडतो, आणि ती म्हणते की आणखी दोन-तीन मुलं असती तर तीही लढली असती.

हे वाचून कुणी तिला वीरमाता म्हणेल आणि पुढे जाईल. मी तसा पुढे जाऊ शकत नाही. कारण हे बोलणं ऐकायला तिथे एक लेक उभी आहे, तीच कविता सांगते आहे. आईने आपलं दुःख बाजूला कसं सारलं ते तिने पाहिलं, आणि जे कधीच पाहायला मिळालं नाही तेही तिला सांगायचं आहे. आईला नव्या जरीकाठी साडीत तिने कधी पाहिलं नाही. गळ्यात सोनं, पायात साधी चांगली चप्पल, हे पाहिलं नाही. ही तक्रार आईविरुद्ध नाही, आईच्या वतीने आहे. पण तिचा एक कोपरा आईकडेही वळलेला आहे: तू स्वतःसाठी कधीच काही का मागितलं नाहीस? बाबासाहेबांसाठी, मुलांसाठी, वस्तीसाठी लाठी खाणाऱ्या बाईला हे विचारायची हिंमत लेकीलाच होते, आणि तीही कवितेत, आई गेल्यानंतर.